साइट डिरेक्टरीत नोंदवायची आहे? फॉर्मच्या आधीचं काम जास्त आहे

साइट तयार झाली, डोमेन जोडलं, नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दुवा टाकून झाला. यानंतर कुणीतरी हमखास सांगतं, "डिरेक्टरीत सबमिट करा." डिरेक्टरी म्हणजे माणसांनी तपासून विषयवार लावलेली साइटची यादी. सल्ला चुकीचा नाही, फक्त जुना आहे. याहूची डिरेक्टरी १९९४ साली सुरू झाली आणि १९९८ साली डीमॉझ, म्हणजे ओपन डिरेक्टरी प्रोजेक्ट. त्या काळात शोधयंत्रं कच्ची होती आणि माणसांनी हाताने लावलेली यादी हाच साइट सापडण्याचा भरवशाचा मार्ग होता. याहूने आपली डिरेक्टरी २०१४ च्या अखेरीस बंद केली. डीमॉझ १७ मार्च २०१७ रोजी थांबली आणि तिच्याच जुन्या संपादकांनी ते काम कर्ली या नावाने पुढे चालू ठेवलं.

मग आता नोंद करायची कशाला? आज डिरेक्टरीचा उपयोग मोजका पण खरा आहे. विषयाची यादी चाळणारा माणूस थेट तुमच्यापर्यंत येतो, व्यवसाय असेल तर नकाशावर दिसतो, आणि तुमची साइट एका माणसाने उघडून, वाचून योग्य खणात ठेवली एवढी साक्ष मिळते. गूगलमध्ये उडी मारून वर येण्यासाठी कुणी डिरेक्टरी गाठत असेल, तर त्याने इथेच थांबावं.

आधी एक घोळ मिटवू

शोधयंत्राला साइट कळवणं आणि डिरेक्टरीत नोंदवणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्यासाठी गूगल सर्च कन्सोल आणि बिंग वेबमास्टर टूल्स आहेत. तिथे डोमेन आपलं असल्याचं सिद्ध करायचं आणि साइटमॅपची, म्हणजे साइटवरच्या पानांच्या पत्त्यांच्या यादीची, फाइल द्यायची. एका साइटमॅपमध्ये ५०,००० पत्ते किंवा ५० एमबी ही मर्यादा आहे, म्हणजे नव्या माणसाला तिची चिंता नको. हे काम अर्ध्या तासाचं आहे आणि ते डिरेक्टरीच्या आधी उरकावं, कारण त्यातच साइटचे दोष उघडे पडतात.

सर्वांत जास्त आढळणारा दोष वर्डप्रेसमधला. साइट बनवताना "शोधयंत्रांना येऊ देऊ नका" या अर्थाच्या चौकटीत टिचकी मारलेली असते आणि साइट सुरू झाल्यावर ती काढायची राहून जाते. सेटिंग्जमध्ये रीडिंगच्या पानावर ती चौकट असते. आधी ती तपासा.

साइट परक्या नजरेने पाहा

डिरेक्टरीचा संपादक तुमच्या साइटवर एखाद-दोन मिनिटं घालवतो. तेवढ्यात तिथे काय काय अडू शकतं ते पाहू.

अर्धवट पानं नकोत. "लवकरच येत आहे", रिकामी गॅलरी, टेम्प्लेटमधला लॅटिन मजकूर तसाच राहिलेला, यांपैकी काहीही दिसलं तर नोंद बहुधा नाकारली जाते. दहा पानं आखली असतील आणि सहा तयार असतील, तर उरलेल्या चारांचे दुवे मेन्यूतून काढून टाका. सहा पुरी पानं चालतात, दहा अर्धी चालत नाहीत.

मराठी साइटची एक खास अडचण फॉन्टची. श्रीलिपी, शिवाजी किंवा कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर तुमच्या संगणकावर छान दिसतो, कारण तो फॉन्ट तुमच्याकडे बसवलेला असतो. दुसऱ्याच्या पडद्यावर तोच मजकूर रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी होतो. छापखान्याकडून आलेली माहितीपत्रिका तशीच चिकटवली की हा प्रकार घडतो. सगळा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर आणि मोबाइलवर सारख्याच दिसणाऱ्या लिपी-पद्धतीत, करून घ्या. तपासायचं कसं? साइट अशा मोबाइलवर उघडा ज्यात तुम्ही कधी काहीच बसवलेलं नाही. शेजाऱ्याचा फोन उत्तम.

तिसरी गोष्ट सहज लक्षात येत नाही. संपादक परदेशात बसलेला असू शकतो. काही स्वस्त होस्टिंगची सुरक्षा भिंत परदेशी आयपी पत्ते अडवते. तुम्हाला पुण्यात साइट चालू दिसते, त्याला कोऱ्या पानावर नकार दिसतो आणि तो "साइट उघडत नाही" असा शेरा मारून पुढे जातो. पुणेकर मात्र वर्षभर उत्तराची वाट पाहतो. परदेशातल्या ओळखीच्या माणसाला दुवा उघडून पडद्याचं चित्र पाठवायला सांगा. मराठी घरांत असा एखादा भाचा-पुतण्या निघतोच.

सुरक्षा प्रमाणपत्राची मुदतही पाहा. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची मोफत प्रमाणपत्रं ९० दिवस किंवा त्याहून कमी चालतात आणि आपोआप नव्याने निघायला हवीत. ती व्यवस्था बिघडलेली असेल, तर नोंद तपासायला आलेल्या संपादकाचं स्वागत ब्राउझरचा धोक्याचा इशारा करेल.

कुठे नोंदवायचं ते कसं ठरवायचं

समजा दोन साइट आहेत. एक, सह्याद्रीतल्या किल्ल्यांच्या वाटांची माहिती देणारी. दुसरी, देवगडच्या एका बागायतदाराची, थेट हापूस विकणारी. पहिलीला कर्लीसारखी विषयवार डिरेक्टरी योग्य. दुसरीला त्याआधी गूगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गूगलच्या शोधात आणि नकाशावर दिसणारी व्यवसायाची नोंद, आणि ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनीच भरलेला मोफत नकाशा हवा. किल्ल्यांच्या साइटला गूगल बिझनेस प्रोफाइल मिळणारच नाही, कारण फक्त ऑनलाइन चालणाऱ्या उपक्रमांना ते दिलं जात नाही. ग्राहक प्रत्यक्ष येतात किंवा तुम्ही प्रत्यक्ष जाता, असा व्यवसाय लागतो.

याखेरीज शेकड्याने सामान्य डिरेक्टऱ्या आहेत. त्यांतली एखादी ओळखीची नसेल तर तिच्यावर दहा मिनिटं घालवा. तुमच्या विषयाचा विभाग उघडा आणि त्यातल्या पहिल्या दहा नोंदींवर क्लिक करा. तीन-चार दुवे मेलेले असतील तर तिथे कुणी राखणदार नाही. पर्यटनाच्या खणात कर्जं, जुगार आणि औषधं भेटली तर ती कचरापेटी आहे. "आधी तुमच्या मुख्यपानावर आमचा दुवा लावा" अशी अट असेल तर परत फिरा. शेवटी गूगलमध्ये त्या डिरेक्टरीचं नाव टाकून शोधा. गूगललाच ती सापडत नसेल, तर तिथून कुणी वाचक येईल असं समजण्यात अर्थ नाही.

"पाचशे डिरेक्टरींत सबमिशन, फक्त इतक्या रुपयांत" ही जाहिरात तुमच्यापर्यंत पोहोचेलच. गूगलच्या स्पॅमविषयक धोरणात हलक्या दर्जाच्या डिरेक्टरींतले दुवे नावानिशी नोंदलेले आहेत. एप्रिल २०१२ मध्ये गूगलने आपल्या क्रमवारीत केलेल्या पेंग्विन नावाच्या बदलानंतर असे दुवे असलेल्या कित्येक साइट खाली ढकलल्या गेल्या. सप्टेंबर २०१६ पासून पेंग्विन शिक्षा देण्याऐवजी असे दुवे बहुधा मोजतच नाही. म्हणजे पैसे गेले आणि हाती शून्य, हा आता त्यातला बरा शेवट. चार चांगल्या ठिकाणी नोंद करा आणि तेवढ्यावर थांबा.

विभाग: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

नोंदी रखडण्याचं एक मोठं कारण चुकीचा विभाग हे असतं. कर्लीमध्ये प्रत्येक संपादकाकडे ठरावीक विभाग असतात. तुमचा अर्ज भलत्या खणात पडला, की तिथला संपादक तो योग्य खणाच्या रांगेत सरकवतो आणि रांग पुन्हा पहिल्यापासून.

रचना अशी आहे. इंग्रजी साइटसाठी विषयांच्या शाखा आणि प्रदेशांची शाखा. प्रदेशांत आशिया, मग भारत, मग महाराष्ट्र, मग गावं-शहरं. इतर भाषांतल्या साइटसाठी भाषावार शाखा, आणि त्यात मराठीची स्वतंत्र शाखा आहे. साइट मराठीत असेल तर ती मराठीच्याच शाखेत जाते, विषय कोणताही असो. हापूसवाल्याची साइट इंग्रजीत असेल तर ती प्रदेशाच्या शाखेत, सिंधुदुर्गाच्या बाजूला. "खाद्यपदार्थ" हा जागतिक विभाग मोहक वाटतो, पण एका गावापुरत्या व्यवसायाची जागा ती नव्हे. साइट दोन भाषांत असेल आणि दोन्ही भाषांच्या मुख्यपानांचे पत्ते वेगळे असतील, तर प्रत्येक पत्ता आपापल्या भाषेच्या शाखेत सुचवता येतो.

नेमकी जागा सापडत नसेल तर तुमच्यासारख्या तीन साइट डिरेक्टरीच्या शोधात टाका आणि त्या कुठे बसवल्यात ते पाहा. विषयाच्या नावावरून अंदाज बांधण्यापेक्षा हे खात्रीचं.

गावांच्या नावांची एक गंमत आहे. औरंगाबाद आणि उस्मानाबाद यांची नावं २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव झाली, अहमदनगरचं २०२४ मध्ये अहिल्यानगर. डिरेक्टरींच्या झाडांत जुनं नाव अजूनही टिकून असू शकतं. दोन्ही नावांनी शोधा. जुन्या नावाचा विभाग असेल तर तिथेच अर्ज करा. नावाचा आग्रह धरून वरच्या, म्हणजे अख्ख्या महाराष्ट्राच्या विभागात टाकलात तर अर्ज मागेच जाईल.

शीर्षक आणि वर्णन

शीर्षक म्हणजे साइटचं किंवा संस्थेचं नाव. साइटच्या माथ्यावर जे लिहिलंय तेच, जसंच्या तसं. त्यापुढे "बेस्ट", "पुणे", "स्वस्त" असलं काही जोडायचं नाही.

वर्णन एक-दोन वाक्यांचं. कर्लीच्या परंपरेत २५ ते ३० शब्दांची चौकट आहे, पण ती इंग्रजीच्या मापाची. मराठीत विभक्तिप्रत्यय शब्दालाच चिकटतात, त्यामुळे तोच आशय १८ ते २२ शब्दांत बसतो. तेवढ्यावर थांबलेलं बरं.

न चालणारा नमुना: "महाराष्ट्रातील नंबर एक ट्रेकिंग साइट! सर्व किल्ल्यांची संपूर्ण माहिती एकाच ठिकाणी. आजच भेट द्या!" यात संपादकाच्या उपयोगाचा एकही शब्द नाही. कोणते किल्ले, कोणती माहिती, काहीच कळत नाही.

चालणारा नमुना: "नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतील डोंगरी किल्ल्यांच्या वाटा, पाण्याची ठिकाणं, मुक्कामाची सोय आणि नकाशे. पावसाळ्यात बंद असणाऱ्या वाटांची वेगळी यादी." एकोणीस शब्द, आणि वाचणाऱ्याला साइटवर काय मिळेल ते कळलं. "आम्ही", "आमची" नको. शीर्षकातले शब्द पुन्हा नकोत. उद्गारचिन्ह तर नकोच. असं वर्णन संपादकाला फारसं बदलावं लागत नाही, आणि ज्या अर्जावर काम कमी तो हातावेगळा लवकर होतो. माणसाचा स्वभाव आहे, संपादकाचाही.

आता अक्षरसंख्येचा सापळा. फॉर्म म्हणतो २०० अक्षरं, आणि तुमचं वर्णन डोळ्यांना १४० चं वाटत असतानाच चौकट भरते. कारण संगणक काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त वेगवेगळे मोजतो. "क्षितिज" आपल्याला तीन अक्षरांचं दिसतं, संगणकाला ते सात खुणांचं आहे. काही जुने फॉर्म तर बाइट, म्हणजे साठवणुकीचं एकक, मोजतात आणि देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइट खाते, म्हणजे "क्षितिज" एकवीस बाइट. २५५ बाइटच्या खणात जेमतेम ८५ खुणा मावतात. त्यापुढचा मजकूर मध्येच तुटतो आणि शेवटी प्रश्नचिन्ह असलेला चौकोन उमटतो. म्हणून सगळं वर्णन आधी साध्या नोटपॅडमध्ये लिहा, दोन लांबींचं: एक पूर्ण, एक बारा शब्दांचं. फॉर्म पाहून योग्य ते चिकटवा आणि पाठवण्याआधी शेवटचं अक्षर शाबूत आहे का ते बघा.

फॉर्म भरताना

कर्लीवर नेमका विभाग उघडा आणि त्याच पानावर असलेला साइट सुचवण्याचा दुवा दाबा. अगदी वरच्या पातळीच्या विभागांवर हा दुवा नसतो. तो दिसला नाही तर आणखी खाली उतरायचं आहे, एवढाच त्याचा अर्थ.

पत्ता मुख्यपानाचा द्या. साइट सुरक्षित जोडणीवर (https) चालत असेल तर पत्त्यातही तेच हवं. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावून आणि न लावून असे दोन्ही पत्ते चालतात का ते पाहा आणि शेवटी ब्राउझर ज्या पत्त्यावर स्थिरावतो तो घ्या. फेसबुकवरून किंवा जाहिरातीतून कॉपी केलेल्या पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्हानंतर लांबलचक शेपूट असतं, ते छाटा. छोटे केलेले दुवे आणि दुसरीकडे वळवणारे पत्ते सरळ नाकारले जातात.

डोमेन देवनागरीत, म्हणजे ".भारत" वाल्यांतलं असेल, तर बऱ्याच फॉर्मना तो पत्ताच वाटत नाही. ही डोमेनं २०१४ पासून मिळतात, फॉर्म मात्र त्याआधीच्या समजुतीचे आहेत. प्रत्येक देवनागरी डोमेनला एक रोमन रूप असतं. ते "एक्सएन" आणि दोन जोडरेघांनी सुरू होतं आणि त्याला प्युनीकोड म्हणतात. फॉर्ममध्ये ते द्या. ब्राउझरच्या पट्टीतला पत्ता कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवला की कित्येकदा हेच रूप आपोआप मिळतं.

ईमेल आपल्या डोमेनचा द्या, पण रोजचा नको. डिरेक्टरींच्या नोंदींसाठी वेगळा पत्ता उघडा, म्हणजे त्यावर येणारी जाहिरातबाजी मुख्य पेटीत घुसत नाही.

पाठवलं, की पुन्हा पाठवू नका. ही चूक फार होते. आठवड्याभरात काही दिसलं नाही म्हणून तोच अर्ज पुन्हा, मग दुसऱ्या विभागात, मग तिसऱ्या. डिरेक्टरीच्या बाजूने हे स्पॅम दिसतं आणि साइट कायमची बाद होऊ शकते. कर्ली स्वयंसेवकांच्या वेळेवर चालते, मुदतीचं आश्वासन नाही, आणि नाकारल्याचं पत्र येईल असंही धरून चालू नका. दोन-तीन महिन्यांनी डिरेक्टरीत आपलं नाव शोधून बघा. मराठीची शाखा लहान आहे. कामाची आवड असेल तर स्वतः संपादक होण्यासाठी अर्ज करता येतो. त्यासाठी एखादा छोटा विभाग निवडायचा, दोन-तीन साइटची नमुना वर्णनं लिहून द्यायची आणि आपल्या स्वतःच्या साइट कोणत्या ते उघड सांगायचं. शेवटची बाब लपवणारे नंतर पकडले जातात.

व्यवसाय असेल तर

गूगल बिझनेस प्रोफाइलमध्ये नाव प्रत्यक्ष फलकावर आहे तसं द्यावं लागतं. "श्री स्वामी मँगोज" असा फलक असताना "देवगड हापूस होलसेल होम डिलिव्हरी" असं भरलं तर प्रोफाइल निलंबित होऊ शकतं. मुख्य प्रवर्ग एक आणि जोडीला जास्तीत जास्त नऊ. नऊच्या नऊ भरायची गरज नाही. वर्णनाला ७५० खुणा, आणि वर सांगितलेला देवनागरीचा हिशेब इथेही लक्षात ठेवा. घरून विक्री असेल तर पत्ता झाकून फक्त सेवाक्षेत्र दाखवता येतं, अशी वीस क्षेत्रं देता येतात.

पडताळणी आता बऱ्याचदा व्हिडिओने होते आणि तिथे लोक अडकतात. व्हिडिओ सलग हवा, किमान ३० सेकंदांचा, कापाकापी न केलेला. आधी रस्ता आणि आजूबाजूची ओळखू येणारी खूण, मग फलक, मग आत जाऊन माल किंवा अवजारं, आणि शेवटी ही जागा तुमच्या ताब्यात आहे याचा पुरावा, जसं की कुलूप उघडणं किंवा गल्ला उघडणं. आधी एकदा चित्रण न करता तोच मार्ग चालून बघा, म्हणजे अर्ध्यात किल्ली शोधत बसावं लागणार नाही. आधार कार्ड, बँकेचे कागद चित्रात येऊ देऊ नका. निकालाला साधारण पाच कामाचे दिवस लागतात. बिंगच्या नकाशावरच्या व्यवसाय-नोंदीत, म्हणजे बिंग प्लेसेसमध्ये, हीच माहिती गूगलवरून थेट आणता येते, ते काम पाच मिनिटांचं.

ओपनस्ट्रीटमॅपवर खातं उघडून कुणीही आपलं दुकान नकाशावर बिंदू म्हणून टाकू शकतो: नाव, मराठी नावाचा वेगळा रकाना, वेळा, फोन, संकेतस्थळ. तिथे जाहिरातीची भाषा चालत नाही आणि गूगल नकाशावरून काहीही उतरवून घ्यायचं नाही, ते परवान्याविरुद्ध आहे.

नाव, पत्ता आणि फोन सगळीकडे हुबेहूब सारखे ठेवा. मराठी नावांचं रोमन लेखन इथे घात करतं. "श्री" कुठे आय लावून, कुठे दोन ई लावून. "विठ्ठल" चे तर चार प्रकार. यंत्राच्या लेखी ही वेगवेगळी दुकानं होतात आणि ग्राहकांचे अभिप्राय विभागले जातात. एकच लेखन ठरवा आणि तेच कार्डावर, बिलावर, सगळीकडे वापरा.

पैसे मागणारी पत्रं

नोंद झाल्यावर काही दिवसांत "तुमच्या लिस्टिंगचं नूतनीकरण बाकी आहे" असं बिल ईमेलने येऊ शकतं. तळाशी बारीक अक्षरांत ते बिल नसून प्रस्ताव असल्याचं लिहिलेलं असतं. मोफत नोंदीचं नूतनीकरण नसतं. कर्लीवरची नोंद मोफत आहे, गूगल बिझनेस प्रोफाइलही. "गूगलमधून बोलतोय, ओटीपी सांगा, नाहीतर प्रोफाइल बंद होईल" असा फोन आला तर बोलणं तिथेच संपवा. ओटीपी दिला की प्रोफाइलचा मालक दुसराच होतो.

सशुल्क डिरेक्टरी सरसकट वाईट नसते. पैसे नोंदीचे असतात की तपासणीचे, हा फरक पाहा. याहू व्यावसायिक साइटकडून वर्षाला २९९ डॉलर घ्यायची, पण ते अर्ज पाहण्याचे, नोंदीची हमी त्यात नव्हती. पैसे भरताच कुणाचीही साइट पाच मिनिटांत झळकत असेल, तर तिथे वाचणारं कुणी बसलेलं नाही.

वही ठेवा

एक साधी स्प्रेडशीट पुरे: डिरेक्टरीचं नाव, विभागाचा पूर्ण मार्ग, अर्जाची तारीख, दिलेला पत्ता, शीर्षक आणि वर्णन जसंच्या तसं, वापरलेला ईमेल, सद्यस्थिती. हिचा खरा उपयोग दोन वर्षांनी होतो, फोन नंबर किंवा डोमेन बदलल्यावर. डोमेन बदललं तर जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्याकडे कायमचं वळण, म्हणजे ३०१, लावा आणि यादीतल्या प्रत्येक ठिकाणी दुरुस्ती मागा. तोवर जुनं डोमेन निदान वर्षभर पैसे भरून स्वतःकडे ठेवा. ते सोडून दिलंत आणि दुसऱ्याने उचललं, तर तुमच्याच नावाच्या नोंदीवर क्लिक करणारा हापूसचा गिऱ्हाईक भलत्याच दुकानात पोहोचेल.